चार पंड्लु

मुलांनो, एक कल्पना करा. तुम्ही एका लांब खुर्चीत जवळजवळ आडवे पडला आहात. डोळ्यांवर दिव्याचा झोत आहे. घोड्याच्या नालेसारखा एक पसरट साचा कुणीतरी तुमच्या वरच्या दातांवर दाबून धरला आहे आणि त्यात सैल कणकेसारखा गुलाबी लगदा आहे. तो घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. बोलता येत नाही, गिळता येत नाही, लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरते आहे आणि घशाशी सारखा उमाळा येतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, नाकानं श्वास घे, पायाची बोटं हलवत राहा. अशा वेळी माणसाला काय हवं असतं? फार काही नाही. धरायला एक हात.

बारा वर्षांच्या दीक्षाला तो हात मिळाला होता. तो तिच्या आजीचा, सरुबाईंचा होता. दीक्षानं तो इतका आवळला की नखं रुतली, पण सरुबाईंनी हात मागे घेतला नाही. लहान मुलांची नखं त्यांच्या ओळखीची होती. वसमतजवळच्या एका गावात सत्तावीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. पोरं गोळा करून आणायची, खिचडी शिजवायची, आणि लस टोचायला नर्स आली की एकेकाला मांडीवर घेऊन बसायचं, हे त्यांचं काम. गावातल्या आया आपलं पोर सरुबाईंच्या मांडीवर देत आणि तोंड फिरवून उभ्या राहत. पोरंही त्यांच्याकडे बिनबोभाट जात, कारण सरुबाई त्यांच्याशी खोटं बोलत नसत. ‘काही दुखत नाही’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. दुखेल, मुंगळा चावल्यासारखं दुखेल आणि मग संपेल, असं सांगायच्या. खरोखर तेवढंच दुखायचं.

तातेराव, म्हणजे सरुबाईंचे मालक, वारले आणि तीन वर्षांपूर्वी मुलगा आदर्श त्यांना हैदराबादला घेऊन आला. विद्यानगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आदर्श विम्याच्या कचेरीत, सून रेणुका अफझलगंजला औषधांच्या एका मोठ्या दुकानात कामाला. नऊ वाजता सगळे आपापल्या वाटेनं गेले की घरात सरुबाई आणि भिंतीवरचं घड्याळ. त्यांना कोणी काही कमी पडू दिलं नाही, कोणी वाकडं बोललं नाही. पण जिचा सगळा जन्म कुणाच्या तरी कामी येण्यात गेला, तिला रिकामं बसणं म्हणजे शिक्षाच. म्हणून त्यांनी एकेक गोष्ट हाती घेतली. आधी दूध आणि भाजी, मग गॅसचा नंबर लावणं, मग बँक, मग बसनं दिलसुखनगरपर्यंत जाऊन येणं. आणि तेलुगू.

तेलुगू त्या कोपऱ्यावरच्या फळांच्या गाड्यावर शिकल्या. गाडेवाली त्यांच्याच वयाची, बोलकी. पंड्लु म्हणजे फळं. तीस्को म्हणजे घ्या. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे एक, दोन, तीन, चार. चालु म्हणजे बास. आणि सरे म्हणजे बरं, ठीक. हा शेवटचा शब्द त्यांना फार आवडला. समोरच्याचं अर्धं कळो की पाव कळो, शेवटी सरे म्हटलं की तो समाधानानं मान हलवतो आणि आपणही इथलेच वाटू लागतो. आदर्श मित्रांना कौतुकानं सांगायचा, आमची आई तीन वर्षांत तेलुगू शिकली, आम्ही वीस वर्षं इथे राहून अजून हिंदीवर निभावतो.

आता दीक्षाच्या दातांचं सांगायला हवं. तिचे वरचे दोन सुळे जागा न मिळाल्यामुळे हिरडीत उंचावर आले होते, दातावर दात चढलेला. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव ‘दो मंजिला’ ठेवलं होतं. ती हसताना ओठ मिटूनच हसायची आणि फोटोच्या वेळी तिला हटकून खोकला यायचा. शेवटी रेणुकानं दिलसुखनगरच्या एका दवाखान्याचा पत्ता आणला. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथे होत्या. त्या दिवशी आदर्शही बरोबर होता. आधी चेहऱ्याचे फोटो झाले. मग डोक्याभोवती गोल फिरणाऱ्या यंत्रानं सगळ्या जबड्याचं एकच लांबलचक चित्र काढलं. मग तो गुलाबी लगदा. त्या ठशात पांढरं प्लास्टर ओतून तुझ्या दातांचा हुबेहूब पुतळा करणार आणि तुझं नाव घालून डब्यात ठेवणार, असं बाईंनी सांगितलं तेव्हा दीक्षाला थोडं हसू आलं.

बाईंनी पुढचंही नीट समजावलं. प्रत्येक दातावर एक छोटी चौकोनी टिकली चिकटवायची आणि सगळ्या टिकल्यांतून एक तार न्यायची. तारेला सरळ व्हायचं असतं. ती सरळ होता होता दातांनाही हळूहळू आपल्यामागं ओढते. दर महिन्याला येऊन ती बदलायची किंवा आवळायची. आवळल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात, वरणभात, खिचडी असंच खावं लागतं. गालाला आतून टिकली घासते आणि फोड येतात, तिथं मेणाची गोळी लावायची. ऊस नाही, चिक्की नाही, फुटाणे नाहीत. दीड वर्ष, कदाचित दोन. आणि तार निघाल्यावरही दात परत जुन्या जागी पळू नयेत म्हणून एक पातळ साचा पुष्कळ दिवस वापरायचा.

मग त्या जरा थांबल्या. म्हणाल्या, बाकावर पाच मुलांची जागा असेल आणि सात बसली असतील तर कितीही सरळ बसवा, कोपरं लागणारच. कदाचित चार दात काढावे लागतील. साचे बघून ठरवू.

दीक्षाचा चेहरा उतरला. ते दात तर चांगले होते, किडलेले नव्हते. घरी परतताना बसमध्ये ती आजीला चिकटून बसली आणि तिनं हळूच विचारलं, खरंच काढतील का. आता खरं सांगायचं तर सरुबाईंनाही ते पटलं नव्हतं. मशेरी घासून घासून चाळिशीतच त्यांचे निम्मे दात गेले होते. चांगला दात कुणी आपल्या हातानं काढून टाकतं, हे त्यांच्या बुद्धीत बसेना.

“मला इच्यारल्याबिगर तुझ्या तोंडातला एक दात बी कुनी काढनार न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी हाय ना संगं.”

दीक्षानं मान हलवली. आजी जे बोलते ते खरं असतं, एवढं तिला बारा वर्षांत कळलेलं होतं.

पुढच्या वेळी आदर्शला रजा मिळेना. मार्च तोंडावर आलेला, कचेरीत मान वर करायला फुरसत नव्हती. रेणुकाचंही तेच. सरुबाई म्हणाल्या, त्यात काय, मी नेते. बस माहीत, जिना माहीत, बाई माहीत.

दवाखान्यात नेहमीची हिंदी बोलणारी मदतनीस रजेवर होती. तिच्या जागी नलगोंड्याकडची एक नवी मुलगी होती. सरुबाईंकडे बघून ती हिंदी शब्द शोधू लागली आणि तिला ते सापडेनात. तिची ती ओढाताण बघून सरुबाईंना कीव आली, आणि थोडा अभिमानही वाटला. “नाकु तेलुगु वच्चु,” त्या म्हणाल्या. मला तेलुगू येतं. मुलीचा जीव भांड्यात पडला आणि बंधारा फुटल्यासारखी ती बोलू लागली. त्या पुरातून सरुबाईंच्या हाती लागलं ते एवढंच: नालुगु पंड्लु. आज रेंडु, पुढच्या आठवड्यात रेंडु. मध्ये ‘तीयाली’ असं काहीतरी, म्हणजे तीस्कोच असणार, घ्यायचं. सरुबाईंनी मनात जुळवणी केली. चार फळं घ्यायची, आज दोन आणि पुढच्या खेपेला दोन. मऊ खायला द्या, हे तर डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या.

“सरेना अम्मा?” मुलीनं विचारलं.

“सरे, सरे.”

मुलीनं एकदा दीक्षाकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं, सरेना? सरुबाईंनी दीक्षाच्या पाठीवर हात ठेवून तिला हलकेच पुढं केलं. “सरे. जा माय.”

दीक्षानं मान वळवून आजीकडे पाहिलं. ती नजर सरुबाईंना पुढं कितीतरी दिवस आठवत राहिली. त्या घटकेला मात्र त्यांना वाटलं, पोर खुर्चीला बिचकली आहे. “मी आलेच,” असं म्हणून त्या जिना उतरून खाली गेल्या. रस्त्यावर दोन गाडे होते. त्यांनी दोन्ही धुंडाळले, एकेक चिकू अंगठ्यानं दाबून पाहिला आणि लोण्यासारखे पिकलेले दोन निवडून घेतले.

त्या वर आल्या तेव्हा दीक्षा आतल्या खोलीतून बाहेर येत होती. तिचा उजवा गाल फुगलेला होता आणि दातांत कापसाचा बोळा होता. ती आजीसमोरून गेली, थांबली नाही, जिन्याच्या तोंडाशी पाठ करून उभी राहिली. सरुबाईंना काही उमजेना. त्यांनी पिशवी उघडून नव्या मुलीला दाखवली. रेंडु पंड्लु, आणले बघ.

मुलगी आधी चक्रावली. मग तिच्या ध्यानात आलं आणि हसू दाबायला तिनं तोंडावर हात घेतला. आत जाऊन ती एक छोटी स्टीलची ताटली घेऊन आली. ताटलीत दोन दात होते. हिरडीबाहेर दिसतो तेवढाच दात आपण बघतो, पण हे मुळांसकट लांबच लांब होते आणि मुळांना रक्त होतं. मुलगी स्वतःच्या पुढच्या दातांवर नखानं टिचकी मारून म्हणाली, “पंड्लु.” मग पिशवीतल्या चिकूंकडे बोट केलं, “इवि कूडा पंड्लु.” हेही पंड्लुच.

दातांना आणि फळांना तेलुगूत शब्द एकच, आणि ‘तीयाली’ म्हणजे काढायचं. गाड्यावर फक्त फळं मिळतात, म्हणून सरुबाईंना अर्धाच शब्द मिळाला होता.

त्यांनी चिकूंची पिशवी त्या मुलीच्याच हातात दिली आणि जिन्याकडे वळल्या. बसमध्ये दीक्षा खिडकीशी बसली. अर्ध्या तासानं बोळा काढायला सांगितलं होतं. घड्याळ बघून बरोबर अर्ध्या तासानं तिनं तो काढला आणि कागदात गुंडाळून दप्तराच्या कप्प्यात ठेवला. आता तिला बोलता आलं असतं.

ती बोलली नाही.

त्या पोरीनं काय ऐकलं होतं ते आता सरुबाईंना लख्ख कळलं. दीक्षाची शाळेतली दुसरी भाषा तेलुगू. तिला सगळा प्रश्न कळला होता, आजीचं उत्तरही कळलं होतं. ‘चार दात काढायचे, आज दोन काढू का?’ ‘हो, हो.’ ‘काढू ना नक्की?’ ‘काढा. जा माय.’ आणि वर आजी तिला सोडून खाली निघून गेली होती.

खरं सांगायला तोंड उघडावं, तर संध्याकाळी घरात वेगळंच घडलं. आदर्शनं आल्याआल्या आईच्या पाठीवर थाप दिली. डॉक्टरीणबाईंचा आदल्या दिवशीच त्याला फोन आला होता आणि त्यानं होकार देऊन टाकला होता. पोरीला सांगितलं तर ती घर डोक्यावर घेईल म्हणून तो गप्प राहिला, आणि आईला सांगितलं तर तिच्या तोंडातून निघून जाईल म्हणून तिलाही बोलला नाही. त्याला धाकधूक होती की ऐन वेळी आई अडवील. पण दवाखान्यातून कळलं की आजींनी तेलुगूत सगळं समजून घेतलं आणि लगेच संमती दिली. रेणुकाही म्हणाली, आम्ही असतो तर आमच्या हातून झालं नसतं, आई धीराच्या. आता बाहेरची आणखी काही कामंही आईंवर सोपवता येतील असं ती बोलत होती. कोपऱ्यात दीक्षा थंड दूधभात चमच्यानं डाव्या बाजूनं खात होती. तिच्या कानावर प्रत्येक शब्द पडत होता.

इतकं कौतुक सरुबाईंच्या वाट्याला फार दिवसांनी आलं होतं. त्या खाली बघत राहिल्या. आज नको, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्याचा परवा झाला.

दीक्षानं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती शाळेतून यायची, पाणी स्वतः घ्यायची, वेणी स्वतः घालायची. विचारलं तर ‘हूं’ म्हणायची. गणिताच्या वहीवर वाकून बसली की तिची जीभ गालाच्या आत त्या रिकाम्या जागी फिरताना दिसायची. तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांना सांगून टाकलं की पुढच्या शनिवारी ती जाणार नाही. “नक्को. मी नै जाती.” आदर्श चिडला, ओरडला. एका बाजूचे दोन काढून दुसऱ्या बाजूचे तसेच ठेवले तर दातांची मधली रेघ सरकते, सगळा चेहरा एका अंगाला ओढल्यासारखा दिसतो, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दीक्षानं ऐकून घेतलं आणि पुन्हा नक्को म्हणाली.

पोर हट्टी नव्हती, हे घरात एकट्या सरुबाईंना ठाऊक होतं. तिचा फक्त भरवसा उडाला होता, आणि तो कुणावरून उडाला होता हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गप्प राहायचं, म्हणजे पोरीच्या तोंडाचं वाटोळं होऊ द्यायचं. बोलायचं, म्हणजे तीन वर्षांत जोडलेलं सगळं एका वाक्यात घालवायचं.

चौथ्या दिवशी दुपारी दीक्षा जमिनीवर पालथी पडून अभ्यास करत होती. सरुबाई तिच्यासमोर अंबाडीची भाजी निवडायला बसल्या.

“दीक्षा, तेलुगूत दातांना काय म्हंत्यात?”

“पंड्लु.” तिनं मान वर केली नाही.

“आन् फळांना?”

पेन्सिल थांबली. “पंड्लु. दोन्हीला सेमच असतं.”

“मला एकच ठावं व्हतं.”

दीक्षा उठून बसली. तिच्या डोक्यात एकेक खण उघडत असल्यासारखं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. “गाड्यावरचं?”

“गाड्यावरचं. दोन फळं घ्या म्हन्ली, असं वाटलं मला. चिकू आनाया गेल्ते.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी ही पोर हसून हसून लोळली असती. आज तिच्या ओठांची कडसुद्धा हलली नाही.

“कळलं नव्हतं तर सरे कायकू बोल्ली?”

सरुबाईंना कितीतरी उत्तरं देता आली असती. ती मुलगी भरभर बोलली. तिनंच नीट विचारायला हवं होतं. तुझ्या बापानं मला आधी सांगायला हवं होतं. हे सगळं खरं होतं, आणि ते पोरीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

“कळतंय असं दावायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तिला. आन् तुला बी.”

दीक्षानं अंबाडीचा एक देठ उचलून मोडला. “मी आत काहीच नै बोल्ली,” ती म्हणाली. “सुई टोचली तरी नै बोल्ली. आजीच सरे बोल्ली, मग मी कुणाला सांगू?”

सत्तावीस वर्षांत सरुबाईंनी शेकडो पोरांची समजूत काढली होती. कुठल्याही पोराची माफी मात्र त्यांनी कधी मागितली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. ते कसं करतात हे त्यांना नीटसं माहीतही नव्हतं. निवडलेली आणि न निवडलेली भाजी त्यांच्या हातानं एकाच ढिगात पडत गेली.

“माझं चुकलं, माय.”

“पप्पाला सांगितली?”

“न्हाई.”

“हूं,” दीक्षा म्हणाली आणि पुन्हा वहीवर वाकली.

मोठ्या माणसांनी शंभर वेळा समजावलं असतं तरी जे झालं नसतं, ते त्या ‘हूं’नं केलं. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा सरुबाईंनी वाढता वाढता सांगून टाकलं. आदर्श आधी मोठ्यानं हसला. दोन चिकू, असं म्हणून त्यानं मांडीवर हात मारला. मग आपण एकटेच हसतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं आणि हळूहळू त्याचा चेहरा बदलला. तो आवाज न चढवता बोलला, त्यामुळे ते जास्त लागलं. आज दात होते, उद्या एखादं औषध असेल, कागदावरचा अंगठा असेल. आईनं आता एकटीनं बाहेरची कामं करू नयेत. बँकेचं तो बघेल. दवाखान्यात शनिवारी तो रजा घेऊन जाईल. रेणुकानं आमटीची वाटी सासूबाईंकडे सरकवली आणि प्रेमानंच म्हणाली की पुष्कळ केलंत आई, आता आराम करा.

सरुबाईंच्या तोंडात सरे आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि नुसती मान हलवली.

तेव्हा दीक्षा बोलली. ताटाकडे बघतच बोलली.

“आजीला कळलं नव्हतं. पप्पा, तुम्ही तर समजून हो बोल्ले.”

आदर्शनं पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्यावर त्याला उत्तर सुचलं नाही, आणि सुचल्याचं सोंग त्यानं केलं नाही, ही त्याची चांगली गोष्ट म्हणायची.

शनिवार आला. जाणार की नाही, हे दीक्षानं कुणालाही सांगितलं नव्हतं. आदर्शनं स्कूटरची किल्ली घेतली तेव्हा तिनं बूट घातले आणि ती दारात उभी राहिली. उंबऱ्याबाहेर मात्र पाऊल टाकेना. आदर्शनं चल म्हटलं. तिनं नुसतं मागं पाहिलं. सरुबाई स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभ्या होत्या. घटकाभरानं आदर्शनं किल्ली खिळ्याला परत अडकवली आणि म्हणाला की आपण बसनंच जाऊ, तिघं.

दवाखान्यात तीच नवी मुलगी होती. तिनं सरुबाईंना ओळखलं, किंचित हसली, आणि या वेळी शहाणपणानं आदर्शसमोर जाऊन उभी राहिली. त्याच्याशी ती तेलुगूत बोलली, सावकाश. आदर्शनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच दीक्षानं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ती बाकावर आजीकडे वळून बसली.

“आजी, ती म्हणती, राहिलेले दोन आज काढायचे. दात. डाव्या साइडचे.” ती शब्द निवडून निवडून बोलत होती, मराठीतच, एकही शब्द इकडचा-तिकडचा होऊ न देता. “आधी सुई टोचतात. ती दुखते. मग गाल आपला नसल्यासारखा वाटतो. मग ते ओढतात आणि डोक्यात करकर आवाज येतो. तेव्हा दुखत नाही. घरी गेल्यावर दुखतं, दोन दिवस. काढायचे का?”

सरुबाईंनी मान हलवली.

“मान नको हलवू. तोंडानं सांग.”

आदर्श आणि ती नवी मुलगी बघत होते. त्या दोघांसमोर सरुबाईंना आज काहीही दाखवायचं नव्हतं.

“तुला काढायचेत का?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न दीक्षाला आजवर कुणी विचारला नव्हता. तिनं खरंच विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “पण काढावे लागतील. नाहीतर तोंड वाकडं होईल.”

“मग काढू.”

दीक्षा उठली. त्या मुलीजवळ जाऊन ती तेलुगूत काहीतरी सांगू लागली. पुष्कळ सांगितलं तिनं. त्यातला ‘नानम्मा’ एवढा एकच शब्द सरुबाईंना कळला, म्हणजे बापाची आई. बाकीचं कळलं नाही, आणि कळल्यासारखी मानही त्यांनी हलवली नाही. मुलीनं ऐकून घेतलं, भिंतीशी ठेवलेलं प्लास्टिकचं स्टूल उचललं, आत नेलं आणि लांब खुर्चीच्या अगदी कडेला ठेवून त्यावरची धूळ ओढणीनं पुसली.

सरुबाई त्या स्टुलावर जाऊन बसेपर्यंत दीक्षा खुर्चीजवळ उभी राहिली. मग ती चढून आडवी झाली. दिवा अजून लागायचा होता, डॉक्टरीणबाई अजून हातमोजे चढवत होत्या. त्यांनी सांगायच्या आधीच तिनं तोंड उघडलं.